खडकवाडीचं पाणी

सगुणाबाईने नवऱ्याला सांगितलं, की ती दोन दिवस सिन्नरला लेकीकडे राहून येणार आहे. पुंजा ओसरीत बसून गुलाबाच्या जुड्या बांधत होता. त्याने मान वर न करता नुसतं ‘बरं’ म्हटलं. कशाला चाललीस, मध्येच काय काम काढलंस, काही विचारलं नाही. गेल्या वर्षभरात त्या घरात कुणी कुणाला फारसं काही विचारत नव्हतं.

ती सिन्नरला गेली नाही. शनिवारी सकाळी मखमलाबादहून बसने नाशकात आली आणि द्वारकेच्या चौकात छायाची वाट बघत उभी राहिली. छाया तिची थोरली, सिन्नरला दिलेली. ती आली तेव्हा हातात एक पिशवी होती आणि पिशवीत तिचाच एक जुना पंजाबी ड्रेस.

“आई, अजून विचार कर,” छाया म्हणाली. “साडीवर बसू देत नाहीत तिथं. हा घालावा लागेल तुला.”

“घालीन की.”

“आणि घरी नानांना कळलं म्हणजे?”

“कळू दे,” सगुणाबाई म्हणाली आणि घोटीच्या जीपमध्ये चढून बसली.

मागच्या वर्षी, म्हणजे दोन हजार पाच साली, पंधरा ऑगस्टच्या सुट्टीला ललित घोटीच्या पुढे खडकवाडीला गेला होता. ललित सगुणाबाईचा धाकटा. आयटीआय करून सिन्नरच्या एका कारखान्यात लागला होता, आणि तिथल्याच मित्रांनी ती सहल ठरवली होती. खडकवाडीला एका कंपनीने पावसाळ्यात नदीच्या धारेतून रबरी नाव सोडायचा धंदा सुरू केला होता. मुंबईची, नाशिकची माणसं सुट्टी काढून यायची, नदीत वल्हं मारत, भिजत, ओरडत खाली जायची, दुपारी पिठलं-भाकरी खाऊन घरी परतायची. ललित परतला नाही. तिसऱ्या दिवशी तो बराच खाली सापडला. पुंजा आणि जावई गेले, आणि त्याला तिकडूनच पंचवटीच्या अमरधाम स्मशानात नेलं. घरात आणलंच नाही. ‘आईंना दाखवण्यासारखं नव्हतं,’ असं जावई छायाला हळू आवाजात सांगत होता, ते सगुणाबाईने दाराआडून ऐकलं.

तेव्हा सगुणाबाईजवळ एवढंच उरलं होतं, की पोरगा सकाळी उभ्याउभ्या चहा पिऊन मोटारसायकलवर गेला. पुढचं काही नव्हतंच. डोळे मिटले की तो गल्लीच्या वळणावर दिसायचा, आणि वळणाच्या पलीकडे नुसता अंधार.

दहाव्याच्या आधी त्याचा जाड चष्म्याचा मित्र राज भेटायला आला होता. तोही त्याच नावेत होता. सगळ्यांसमोर मान खाली घालून तो म्हणाला, “काका, त्याला आम्ही किती सांगितलं. ऐकलंच नाही. जाकीट सैल केलं आणि मध्येच उभा राहिला. फोटो काढ म्हणाला.” कंपनीच्या माणसाने पोलिसांनाही तसंच लिहून दिलं होतं.

पुंजाने ते ऐकलं आणि ते त्याच्या आत कुठेतरी घट्ट बसलं. “चैन करायला गेला नि गेला,” तो आल्यागेल्याला सांगायचा. “आईबापाचा विचार केला का त्यानं? स्वतःच्या हातानं मेला.” त्याने ललितचं नाव घेणं सोडलं. जावयाने फोटोला चौकट करून आणली होती, ती त्याने भिंतीवर लावू दिली नाही. उलट पावसाळा सरताच आणखी अर्धा एकर गुलाब लावला आणि पहाटेपासून त्यात राबायला लागला. लोक म्हणायचे, म्हातारा धीराचा आहे. सगुणाबाईला ठाऊक होतं, की तो धीर नाही, राग आहे. त्या रागानेच त्याला उभं धरलं होतं.

तिला स्वतःला राग येत नव्हता. रडूही फारसं येत नव्हतं. वर्षश्राद्ध झालं, पाहुणे पांगले, तेव्हा मागच्या दारी भांडी घासता घासता ती लेकीला म्हणाली, “मला त्या नावंत बसायचंय.”

छायाला आधी वाटलं, आईच्या डोक्यावर परिणाम झाला. तिने समजावलं, मग रागावली, मग रडली. सगुणाबाई प्रत्येक वेळी शांतपणे ऐकून घ्यायची आणि पुन्हा तेच म्हणायची. शेवटी छायाने वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून फोन लावला आणि आपल्या सासरच्या आडनावाने दोन माणसांचं बुकिंग केलं.

खडकवाडीला नदीच्या काठावर ताडपत्रीची एक मोठी शेड होती. कंपनीचा मॅनेजर जाडसर, अंगात रेनकोट घातलेला माणूस होता. त्याने सगुणाबाईकडे खालून वर बघितलं.

“मावशी पण बसणार? वय काय यांचं?”

“अठ्ठेचाळीस,” छाया म्हणाली. तिने चार वर्षं खाल्ली होती.

“हार्टबिर्टचं काही नाही ना?”

“काही नाही.”

सगुणाबाई त्याच्याकडे बघत होती. हाच माणूस मागच्या वर्षी पुंजासमोर हात जोडून उभा राहिला असणार. त्याला मात्र ती ओळखू येणं शक्य नव्हतं. शेडच्या मागे पत्र्याच्या खोलीत जाऊन तिने आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस चढवला. ओढणी काढून ठेवायला लागली, तेव्हा ती क्षणभर अवघडून दोन्ही हात छातीशी धरून उभी राहिली. मग बाहेर आली.

त्यांच्या नावेत मुलुंडहून आलेली चार माणसं होती. एक नवं लग्न झालेलं जोडपं आणि नवऱ्याचे दोन मित्र. इगतपुरीच्या एका हॉटेलात ती सुट्टीला उतरली होती. नव्या नवरीचं नाव आरोही. हातभर भरलेला चुडा तिने उतरवला नव्हता आणि ती पाण्याकडे बघून सारखी नवऱ्याचा दंड धरत होती.

नाव हाकणारा गाईड सोमा म्हणून होता. पंचविशीतला, काळसर, काटक, जवळच्याच पाड्यावरचा. त्याने सगळ्यांना अर्धगोलात उभं केलं, डोक्यावर हेल्मेटं चढवली, जाकिटांचे पट्टे ओढून बघितले आणि पाठ केल्यासारखं बोलायला लागला.

“फॉरवर्ड म्हटलं का वल्हं पुढं मारायचं. स्टॉप म्हटलं का थांबायचं. नाव माझी हाय, मागं बसून मी वळवतो, तुमी फक्त माझा आवाज ऐकायचा. आता समजा कोणी पडलं पाण्यात. घाबरायचं नाय. पाठीवर झोपायचं, पाय पुढं करायचे, एक हात वर धरायचा आन् माझ्याकडं बघायचं. उभं राहायला जायचं नाय, पाय दगडात अडकतो. आरडाओरडा नाय. माणूस येतो. दोरी येती. कळलं?”

“कळलं,” मुलुंडची मंडळी एका सुरात ओरडली.

नाव पाण्यात सरकली. सगुणाबाई डाव्या कडेला सोम्याच्या जवळ बसली होती, छाया तिच्या पुढे. भुरभुर पाऊस होता. दोन्ही काठांना भाताची खाचरं, त्यांच्या मागे ढगात बुडालेले डोंगर. पाणी चहासारखं लाल होतं आणि सुरुवातीला इतकं संथ, की आपण चाललोय हेच कळेना. तिने बोटं पाण्यात बुडवली. पाणी थंड होतं, एवढंच.

पहिल्या दोन खळाळांना सोम्याने नावं दिली होती. एकाचं नाव ‘जातं’ आणि दुसऱ्याचं ‘सासूबाई’. “सासूबाईला नमस्कार करून पुढं जायचं,” तो म्हणाला आणि सगळे हसले. आरोहीही हसली. तिची भीती जरा मोडली होती. दुसरा खळाळ ओलांडून नाव पुन्हा संथ पाण्यात आली, तेव्हा तिने मागे वळून विचारलं, “दादा, खरं सांगा हं. इथे कधी कोणी बुडलंय का?”

“नाय ताई,” सोमा लगेच म्हणाला. “एकदम सेफ. आजपर्यंत एक माणूस नाय.”

छायाची पाठ ताठ झालेली सगुणाबाईने बघितली. ती वळली, तोंड उघडलं. सगुणाबाईने वल्हं मांडीवर आडवं टाकलं आणि हात पुढे करून लेकीचा खांदा दाबून धरला. सगुणाबाईने नुसती मान हलवली.

पोरगा मेला हे वर्षभर सगळे सांगत आले होते, आणि ते तिने कसंबसं गिळलं होतं. आता हा म्हणत होता, की कुणी मेलंच नाही. म्हणजे इथे कुणी आलंच नव्हतं. पण त्या नव्या नवरीचा चेहरा तिच्या समोर होता, आणि पाण्याच्या मधोमध, परत फिरायला जागा नसताना, तिला ते सांगून काय करायचं होतं? सगुणाबाईने वल्हं उचललं.

नदीने एक मोठं वळण घेतलं. पुढून आवाज यायला लागला. जवळच्या रस्त्याने ट्रक जावेत तसा, पण न थांबणारा. सोम्याचं बोलणं बंद झालं होतं.

“या रॅपिडचं नाव काय?” आरोहीच्या नवऱ्याने विचारलं.

“याला नाव नाय.”

त्याने नाव काठाच्या एका मोठ्या दगडाला टेकवली आणि उठून एकेकाचे पट्टे पुन्हा तपासायला लागला. सकाळी एकदा ओढून बघितले होते, तरी पुन्हा. सगुणाबाईच्या जाकिटाचा वरचा पट्टा आवळताना चाप दोनदा निसटला. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. डाव्या काठाकडे पाठ करून, नेमका तेवढा भाग टाळून तो उभा होता.

तिला कळलं. कुणी सांगायची गरजच नव्हती.

“इथं गप्पा नाय,” सोमा म्हणाला. “फक्त माझा आवाज.”

मग नाव धारेत शिरली. पाणी पायाखालून निघून गेलं आणि नाव समोरच्या खड्ड्यात कोसळली, वर उसळली, पुन्हा कोसळली. तोंडावर पाण्याचा फटका बसला. “फॉरवर्ड! फॉरवर्ड!” सोमा मागून ओरडत होता आणि सगुणाबाई अंगात असेल नसेल तेवढ्या जोराने वल्हं मारत होती. एका उसळीला सगळी नाव हवेत उचलली गेली आणि तिच्या तोंडून किंकाळी निघाली. ती भीतीची किंकाळी नव्हती. लहानपणी नागपंचमीला झोका उंच गेला की निघायची तशी होती. तिच्या अंगाला मजा वाटली होती.

नाव खाली शांत पाण्यात आली. मुलुंडची पोरं वल्ही उंचावून ओरडत होती, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. सगुणाबाई गोठल्यासारखी बसली होती. आपण हसलो, इथे, या पाण्यावर. मग तिच्या मनात आलं, की तोही असाच ओरडला असेल. वर्षभर तिने त्याला फक्त मरताना बघायचा प्रयत्न केला होता. त्याच्या आधीच्या घटकेला तो आनंदात होता, हे तिला सुचलंच नव्हतं. ते सुचलं, आणि इतक्या दिवसांनी तिला रडू फुटलं. तोंडं सगळ्यांचीच ओली होती. कुणाला कळलं नाही.

डाव्या काठाला एक उंबर पाण्यात वाकला होता. त्याच्या मुळ्या आणि खडक यांच्या मधून पाणी आत खेचलं जात होतं. सोमा तिकडे बघत नव्हता. ती बघत राहिली, दिसेनासा होईपर्यंत.

दुपारी शेडमध्ये पानं मांडली होती. मुलुंडची मंडळी हसतखिदळत जेवत होती. सगुणाबाई साडी नेसून आली आणि सरळ नदीकाठी गेली. सोमा तिथे नाव उपडी करून चिखल धूत होता.

“सोमा,” ती म्हणाली, “तू त्या काठाला पाठ करून उभा राहिला तिथं. डाव्या अंगाला बघितलं नाय.”

“काय मावशी?”

“ललित माझा पोरगा.”

सोम्याने आधी शेडकडे बघितलं. मॅनेजर फोनवर बोलत होता. मग हातातली बादली खाली ठेवून तो उपड्या नावेच्या कडेवर बसला. मागून छाया आली होती.

“तू होतास ना त्या दिवशी?”

“होतो,” सोमा म्हणाला. “मावशी, मला बोलायची मनाई हाय.”

“तुझ्या सायबाला मी काय सांगणार नाय. तो उभा राह्यला होता का? फोटोसाठी?”

सोम्याने पुन्हा एकदा शेडकडे बघितलं.

“नाय. तो बसलेला होता. त्याच्या पुढचा उठला होता. कॅमेरा मागच्याला दिला आन् उठला. मी वरडलो, तवर नाव खाली गेली. तो पडला तो ह्याला घेऊन पडला.”

“राज,” छाया मागून म्हणाली.

“नाव नाय ठाऊक मला. गोरा होता. जाड चष्मा.”

“आन् जाकीट?” सगुणाबाईने विचारलं.

“बंद होतं. मीच बांधलं होतं. वरपासून खालपर्यंत.”

छायाने तोंडावर हात दाबला. सगुणाबाई खाली वाळूवर बसली. “पुढं सांग,” ती म्हणाली. “सगळं सांग. काय पण ठेवू नको.”

“दोघं पाण्यात होते. दोरी एकच होती. चष्म्यावाला जवळ होता आन् हातपाय आपटत होता, पाणी पीत होता. मी त्याला टाकली. जवळच्याला आधी टाकायची, तसं शिकवलेलं असतं. त्याला वढून घेतला. तुमचा पोरगा पलीकडं होता. मावशी, तो सगळं बरोबर करत होता. पाठीवर झोपला होता. पाय पुढं. हात वर. एकदा पण वरडला नाय. माझ्याकडं बघत होता.”

“मग?”

“मी दोरी गोळा करत होतो. वली दोरी लवकर गोळा होत नाय. टाकली तवर धार त्याला उंबराकडं घेऊन गेली होती. झाडाखाली गेला तो वर आला नाय. मी उतरलो होतो पाण्यात. उतरलो होतो, आई शप्पथ.”

शेडमधून हसण्याचा मोठा आवाज आला. कुणीतरी कुणाच्या तरी ताटात मिरची टाकली होती.

“मी अजून रोज सकाळी तेच सांगतो,” सोमा म्हणाला. “हात वर धरा, माणूस येतो. जीभ जड होते माझी. पण सांगावंच लागतं, दुसरं काय सांगू?”

“आन् त्या पोरीला सांगितलं कोणी बुडालं नाय म्हणून.”

“खरं सांगितलं तर नावंत कोण चढंल मावशी?”

“नको चढू दे,” सगुणाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण सोमा मागे सरला. “तुमी माझ्या पोराला पार नाहीच करून टाकलं. त्या दुसऱ्यानं त्याला येडा ठरवला, तुमी तो आलाच नव्हता म्हणता. त्यानं तुझं ऐकलं रे. शेवटपर्यंत तुझंच ऐकत व्हता तो.”

सोम्याने तोंड दोन्ही हातांत लपवलं. तो रडत होता की नुसता बसला होता, ते तिला कळलं नाही आणि तिने बघितलंही नाही. ती उठली, पदराला लागलेली वाळू झटकली आणि रस्त्याच्या दिशेने चालायला लागली. ती त्याला काही वाईट बोलली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. ते तिच्या मनात नव्हतंच.

परतीच्या जीपमध्ये छाया सारखी बोलत होती. पोलिसांकडे जाऊ, त्या राजच्या घरी जाऊ, त्याच्या आईसमोर त्याला उभा करू. नंतर तिने खरंच राजला फोन लावला. त्याने छायाचं ऐकून घेतलं, ‘ताई, मला आता त्यातलं काही आठवत नाही,’ म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर तो नंबर लागेना. तो पुण्याला नोकरीला गेला, असं कुणीतरी सांगितलं. सोम्याने पोलिसांसमोर यायला नकार दिला. वकील म्हणाला, साक्षीशिवाय काही होणार नाही. ते प्रकरण तिथेच संपलं.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी सगुणाबाई लेकीला सिन्नरच्या गाडीत बसवून संध्याकाळीच घरी आली. पुंजा गोठ्यात गायीला चारा टाकत होता.

“लवकर आलीस?”

“मी सिन्नरला गेलेच नव्हते. खडकवाडीला गेले होते.”

त्याच्या हातातली पेंढी तशीच राहिली. ती गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली आणि जे ऐकलं ते तिने जसंच्या तसं सांगितलं. जाकीट बंद होतं. तो बसलेला होता. पडला तो राज उठला म्हणून. दोरी एकच होती. पाठीवर झोपून, हात वर धरून तो गाईडकडे बघत राहिला होता. सांगताना तिला वाटत होतं, की एकेका शब्दासरशी ती नवऱ्याच्या डोक्यावरचा भारा उतरवतेय. पोरगा निर्दोष होता. आता तरी हा त्याचं नाव घेईल.

पुंजाने शेवटपर्यंत ऐकलं.

“म्हणजे वाट बघत व्हता,” तो म्हणाला.

“हो.”

“किती वेळ?”

“ते मी नाय विचारलं.”

“विचारायला पाहिजे व्हतं,” पुंजा म्हणाला आणि पेंढी गायीपुढे टाकून बाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फुलं तोडायला उठला नाही. अंग दुखतंय म्हणाला. तिसऱ्या दिवशीही उठला नाही. सगुणाबाईने शेजारच्या लंकाबाईला हाताशी घेऊन जमेल तेवढी फुलं काढली, बाकीची झाडावरच उमलून गेली. उमललेला गुलाब बाजारात कुणी घेत नाही. पुढे तो उठून बसायला लागला, जेवायला लागला, पण वावराकडे गेला तरी बांधावर नुसता बसून राहायचा. आता तो ललितचं नाव घ्यायचा. सारखं घ्यायचा. त्याला विहिरीत पोहायला कुणी शिकवलं, मीच ना? मग मी त्याला सांगितलं का नाही, की अशा वेळी हातपाय मार, कुणाची वाट बघू नको? लहानपणापासून ‘सांगतो तेवढं ऐक’ म्हणून त्याला मीच मारलं ना?

सगुणाबाई म्हणायची, “असं नका बोलू.”

उन्हाळ्यात गुलाबाचं वावर त्यांनी वाट्याने देऊन टाकलं. छाया माहेरी आली होती. बापाकडे बघून तिने आईला बाजूला नेलं. “सांगायला नको होतंस,” ती म्हणाली. “चिडलेले होते, पण उभे तरी होते.”

सगुणाबाईने हा विचार स्वतः केला नव्हता असं नाही. रागावर माणूस जगतो हे तिने डोळ्यांनी बघितलं होतं, आणि तरी तो राग तिने काढून घेतला होता. पण ललितला खोटा ठरवून त्याच्या बापाने जगावं, हेही तिला सहन झालं नसतं. दोन्हींतलं काहीतरी एक मोडणारच होतं. कधी कधी तिला वाटायचं, की आपण नवऱ्यासाठी गेलोच नव्हतो, त्याला सांगितलं तेही त्याच्यासाठी नाही. आपल्याला एकटीला ते पेलवत नव्हतं म्हणून सांगितलं.

पुढच्या पावसाळ्यात, एका सकाळी, पुंजा टोपी घालून तयार होऊन बसला. “मला ती जागा दाखव,” म्हणाला.

ते एसटीने घोटीला उतरले, तिथून जीपने खडकवाडीला गेले. कंपनीची शेड नव्हती. चार खांब तेवढे उभे होते. रस्त्यावरच्या टपरीवाल्याने सांगितलं, की ती मंडळी यंदा आलीच नाहीत, कोकणात कुठे तरी धंदा हलवला म्हणे. सोमाही त्यांच्याबरोबर गेला होता. काठाकाठाने, भाताच्या बांधांवरून दोघं बरंच खाली चालत गेली. पाऊस ओढ देत होता, नदीला पाणी कमी होतं. नावेतून तिला ती जागा दरीसारखी वाटली होती. आता खडक उघडे पडले होते आणि त्यांच्या मधून पाणी गुडघा-मांडीभर वाहत होतं. उंबर तेवढा तसाच होता.

“नाव कुठं व्हती?” पुंजाने विचारलं.

तिने दाखवलं.

“आन् तो?”

तिने तेही दाखवलं, जसं सोम्याने सांगितलं होतं तसं.

पुंजा या खडकाकडून त्या उंबराकडे बघत राहिला. पुन्हा उलटं बघितलं. मग चपला काढून तो काठाच्या दगडावर उतरला आणि तिथून हात लांब करून बघितला.

“एवढंच?” तो म्हणाला. “एवढंच व्हतं अंतर?”

“तेव्हा पाणी लय व्हतं,” सगुणाबाई म्हणाली.

तो त्या दगडावर बसला. ती वरच्या बांधावर बसली. गुराख्याने गुरं पाण्यावर आणली, पाजली, परत नेली. पुंजा हलला नाही. ऊन उतरलं तेव्हा तिने खाली जाऊन त्याच्या दंडाला धरून उठवलं, आणि तो पोरासारखा मुकाट्याने तिच्या मागे चालायला लागला.

घोटीहून नाशिकच्या एसटीत गर्दी होती. पुंजाला एका धोतरवाल्या माणसाशेजारी जागा मिळाली, सगुणाबाई पलीकडच्या बाकड्यावर बसली. तो माणूस बोलका होता. तंबाखू मळता मळता त्याने विचारलं, “पाव्हण्यांकडं गेल्ते का बाबा?”

“नाय,” पुंजा म्हणाला. “पोरगा गेला आमचा इकडं. नदीत. ललित नाव त्याचं.”

आणि तो सांगायला लागला. जाकीट कसं वरपासून खालपर्यंत बंद होतं, पुढचा पोरगा कसा उठला, दोरी एकच कशी होती. काहीही न गाळता, आवाज न चढवता, अगदी आपण तिथे काठावर उभे होतो असं. धोतरवाला ‘अरेरे’ म्हणत ऐकत होता. वाडीवऱ्हे आलं. “माझं गाव आलं बाबा, सांभाळून जा,” म्हणत तो उठला, पुंजाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उतरून गेला.

पुंजा थांबला नाही. गाडी निघाली, तरी रिकाम्या जागेकडे तोंड करून तो हळू आवाजात सांगतच होता. पुढच्या बाकड्यावरची माणसं वळून बघायला लागली. सगुणाबाई उठली, गाडीच्या हिसक्यात दांडा धरत पलीकडे गेली आणि त्या जागेवर बसली. “हां,” ती म्हणाली, “मग?”

पुंजाने तिच्याकडे नीट बघितलंही नाही. तो पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.